ट्रेकिंग पोल घेताना मोठा आकडा नको, छोटा आकडा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातलं एक जोडपं, दोघंही पंचेचाळिशीच्या आसपास, डिसेंबरअखेर उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखराच्या ट्रेकला चाललंय. साहेबांची उंची ५ फूट ९ इंच, वहिनींची ५ फूट. साहेबांचा उजवा गुडघा जिना चढताना काही म्हणत नाही, उतरताना दुखतो. नव्या पेठेतल्या एका दुकानात त्यांना घडीचे ट्रेकिंग पोल, म्हणजे डोंगरात चालताना हातात धरायच्या काठ्या, दाखवले, लांबी ११० ते १३० सेंटीमीटर, आणि दोघांनीही तेच घ्या म्हणून सांगितलं. "घ्या की ओ, सगळ्यांना चालतंय." आता विचारणा अशी की हे घ्यावेत का, कार्बन बरे की ॲल्युमिनियम, माणशी एक पुरे की दोन, आणि गावाकडून वेळूची काठी आणली तर काय बिघडलं?

साहेबांना ते पोल चालतील. वहिनींना अजिबात चालणार नाहीत. कारण मापात आहे, म्हणून आधी माप.

ट्रेकला जे बूट घालणार तेच पायात घाला. सपाट फरशीवर सरळ उभे राहा, खांदे सैल सोडा. पोलचं टोक पावलाच्या शेजारी टेकवा आणि मूठ धरा. कोपर काटकोनात आलं, म्हणजे मनगट ते कोपर हा भाग फरशीला समांतर राहिला, की ती तुमची सपाटीची लांबी. स्वतःचं कोपर स्वतःला नीट दिसत नाही, वाकून बघायला गेलं की खांदा खाली येतो आणि माप चुकतं. म्हणून दुसऱ्याला बाजूने बघायला सांगा. पोल हातात नसताना अंदाज हवा असेल तर उंची सेंटीमीटरमध्ये घ्या आणि ०.६८ ने गुणा. ५ फूट ९ म्हणजे १७५ सेंटीमीटर, उत्तर ११९. ५ फूट म्हणजे १५२, उत्तर १०३-१०४. हात लांब असतील किंवा पाय आखूड असतील तर दोन-तीन सेंटीमीटर इकडेतिकडे होतं, तेवढं चालतं.

पण ही लांबी फक्त सपाटीची, आणि डोंगरात सपाटी फार थोडी. चढणीला जमीन पुढे उंच येते, म्हणून पोल ५ ते १० सेंटीमीटरने आखूड करायचा. उताराला जमीन पुढे खाली जाते, तेव्हा तेवढाच लांब. चढताना पोल लांब राहिला तर प्रत्येक पावलाला हात खांद्याच्या वर जातो. तासाभरात मानेच्या मुळाशी दुखायला लागतं आणि माणूस दोष पाठीवरच्या सॅकला देतो. उतरताना आखूड राहिला तर टोक टेकवायला कमरेतून वाकावं लागतं, वजन पुढे जातं, आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या निसरड्या उतारावर, वजन पुढे जाणं म्हणजे काय हे राजगड उतरलेल्याला सांगायला नको. डोंगराच्या कडेने आडवी वाट असेल तर डोंगराकडचा पोल आखूड आणि दरीकडचा लांब. हे शेवटचं फार कमी लोक करतात. लहानसा टप्पा असेल तर मीही करत नाही, डोंगराकडचा पोल मुठीच्या खाली धरतो आणि पुढे जातो.

आता वहिनींचा हिशेब करा. सपाटीला १०४, चढणीला ९५ ते ९८, उताराला ११० ते ११४. दुकानातला पोल सुरूच ११० ला होतो. म्हणजे तो पोल त्यांना फक्त उतरताना बरोबर बसेल, सपाटीला लांब पडेल आणि चढणीला तर लांबच लांब. केदारकांठ्याला पहिले दिवस चढणीचेच असतात. आपल्याकडे पाच फुटांच्या आसपासच्या बायका घरोघरी आहेत आणि बाजारातले बरेच पोल मात्र उंच माणसाच्या हिशेबाने केलेले असतात. म्हणून उंची कमी असलेल्यांनी खोक्यावरचा मोठा आकडा बघूच नये, छोटा बघावा. तुमच्या सपाटीच्या मापातून १० वजा करा. पोल तिथपर्यंत खाली यायला हवा आणि तिथे लॉकही व्हायला हवा.

इथे एक गफलत होते. काही खोक्यांवर "६५ ते १३५" असं लिहिलेलं असतं. यातला ६५ हा बऱ्याचदा पूर्ण मिटवलेल्या पोलचा आकडा असतो, चालण्याचा नव्हे. चालण्यासाठी किमान किती, हे नळीवर छापलेल्या खुणांवरून बघा, आणि खुणा १०५ पासूनच सुरू होत असतील तर दुकानातच ९५ ला आणून लॉक लावून बघा. तीन भागांच्या, एकात एक सरकणाऱ्या पोलमध्ये हे सहसा जमतं. घडीच्या पोलमध्ये मात्र बऱ्याचदा जमत नाही, कारण त्यात तंबूच्या काठ्यांसारखे तुकडे आतल्या दोरीने जोडलेले असतात आणि लांबी फक्त वरच्या एका भागातच, पंधरा-वीस सेंटीमीटरच बदलते. घडीचा पोल मिटल्यावर चाळीस सेंटीमीटरच्या आत येतो, सॅकच्या बाजूला छान बसतो, हे खरं. एकात एक सरकणारा मिटून साठ-पासष्टचा होतो आणि सॅकच्या डोक्यावरून वर डोकावतो. पण वहिनींना सरकणाराच घ्या. साहेबांना घडीचा हवाच असेल तर ११० ते १३० मध्ये त्यांची तिन्ही कामं भागतात, हरकत नाही.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट आता सांगतो, आणि माझ्या मते पैसे तिच्यासाठीच द्यावेत: लॉक.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार. एक पिळायचा. खालची नळी धरून फिरवली की आत एक प्लास्टिकचा तुकडा फुगतो आणि वरच्या नळीला आतून घट्ट धरतो. बाहेरून काहीच दिसत नाही, वजन कमी, स्वस्त. पण आत धूळ गेली, पाणी गेलं, की तो तुकडा नळीच्या आत नुसता फिरत राहतो. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर दोन-तीन माणसं एकच पोल दोन्ही टोकांनी धरून पिळताना दिसली तर समजा तोच प्रकार. थंडीत उलटं होतं. आत शिरलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी पोल उघडतच नाही. दुसरा प्रकार बाहेरच्या खटक्याचा, ज्याला लिव्हर लॉक म्हणतात. खटका उघडा, नळी सरकवा, खटका दाबा. हातमोजे घालूनही होतं. ढिला पडला तर खटक्याच्या बाजूला छोटा स्क्रू असतो, तो पाव फेरा आवळला की झालं. म्हणजे ढिला पडला हे दिसतं आणि जागेवर दुरुस्त होतं. हिमालयात जाणाऱ्याने दुसराच घ्यावा. घडीच्या पोलमध्ये एक बटण टक् करून बाहेर येतं, त्यावर सगळी घडी ताठ उभी राहते. त्यात लांबी बदलायचा खटका वेगळा असतो, तोही तपासावा.

दुकानात तपासायचं असं. पोल तुमच्या सपाटीच्या मापाला लावा. नळी जिथे आत जाते तिथला आकडा नीट बघून ठेवा. टोकावर रबराची टोपी चढवा, नाहीतर दुकानदाराची फरशी जाईल. मग दोन्ही तळवे मुठीच्या डोक्यावर एकावर एक ठेवा आणि पाय जमिनीवरच ठेवून सावकाश जमेल तेवढं अंग त्यावर टाका. झटका द्यायचा नाही, फक्त भार. पाच-सहा वेळा करा आणि आकडा पुन्हा बघा. अर्धा सेंटीमीटर जरी सरकला तरी खटका आवळून पुन्हा करा. तरीही सरकला तर पोल परत ठेवा, मग तो कितीही हलका असो. उतारावर तुम्ही पुढचं पाऊल पोलच्या भरवशावर टाकता. त्या क्षणी तो चार बोटं खाली गेला तर पोल नसता तर बरं असं वाटेल. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू द्या. ऑनलाइन मागवलात तर हीच परीक्षा घरी, परत करायची मुदत संपायच्या आत.

आणखी एक. सरकणाऱ्या पोलच्या नळीवर थांबायची खूण असते, तिच्यापलीकडे ओढायचं नाही. तिच्या पुढे नळी इतकी कमी आत राहते की बाजूने जोर आला की सांध्यातच वाकते. आणि सगळी लांबी एकाच भागातून काढू नका. खालचा भाग मध्यावर लावून टाका आणि दिवसभराची वाढ-घट वरच्या खटक्यावरून करा. खाली वाकायचा त्रास वाचतो आणि दोन्ही सांध्यांवर ताण वाटला जातो.

कार्बन की ॲल्युमिनियम यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, माझं उत्तर आखूड आहे. ॲल्युमिनियम घ्या. कार्बनची जोडी साधारण साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमची, ॲल्युमिनियमची पाचशे ते सहाशेची. फरक एका हातात पन्नास-पाऊणशे ग्रॅमचा. महिना-महिना चालणाऱ्याला तो जाणवेल, पाच-सहा दिवसांच्या ट्रेकला नाही. दगडाच्या कपारीत टोक अडकून बाजूने जोर बसला की ॲल्युमिनियम वाकतं. गुडघ्यावर धरून थोडंफार सरळ करता येतं, वाकडं राहिलं तरी ट्रेक पुरा होतो. कार्बनवर आधी एखादा खोल ओरखडा पडलेला असेल तर तो तिथून सरळ तुटतो. आपला सह्याद्री म्हणजे काळ्या बेसॉल्टचे कातळ, भेगा आणि धोंडे. पोल अडकायच्या जागा पावलोपावली. ॲल्युमिनियममध्ये ७०७५ असा मिश्रधातूचा आकडा लिहिलेला असेल तर उत्तम. नळ्यांची जाडी १८, १६, १४ मिलिमीटर असेल तर ठीक. त्याहून बारीक असेल आणि माणूस नव्वद किलोचा असेल तर विचार करा.

एक की दोन? दोन. साहेबांचा गुडघा उतरताना दुखतो हेच त्याचं कारण. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या संशोधकांनी १९९९ साली छापलेल्या अभ्यासात माणसांना २५ अंशांच्या उतारावरून दोन पोल घेऊन आणि न घेता चालवलं होतं. पोल असताना पायावर आणि गुडघ्याच्या सांध्यावर येणारा भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी भरला. आता तो प्रयोगशाळेतला उतार होता, खाली मुरूम नव्हता आणि पाठीवर तंबूही नव्हता, पण दिशा बरोबर आहे. हा फायदा फुकट मिळत नाही, तेवढं काम दंड आणि खांदे करतात; सपाटीवर तर पोलने चालताना दम उलट थोडा जास्तच लागतो. म्हणून सपाट वाटेवर ते सॅकला अडकवून टाकले तरी चालतात. एकाच पोलने भागवायची वेळ आली तर तो दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायचा, साहेबांच्या बाबतीत डाव्या. आपण सवयीने दुखऱ्या बाजूलाच धरतो. आणि जिना उतरताना रोज दुखत असेल तर पोल घ्यायच्या आधी एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. निघायला वेळ आहे तोवर मांडीचे व्यायाम सुरू झाले तर त्याचा उपयोग पोलइतकाच होईल.

वेळूची काठी. हिला कमी लेखू नका. सह्याद्रीतल्या गावांत वाट दाखवायला येणारे मामा काठी घेऊनच येतात आणि आपल्या आधी वर पोहोचतात. त्यांचा हात नीट बघा: चढणीला मूठ काठीवर खाली सरकते, उताराला वर. लांबी जुळवायची कटकट त्यांना नाहीच. छातीइतक्या उंचीची, पोकळ न वाजणारी, अंगठ्याहून जाड अशी काठी बुरुडाकडून घेतली तर एका दिवसाच्या गडाला उत्तम. गवतातून जाताना पुढे आपटायलाही बरी. पण बर्फावर तिचं टोक घसरतं, दोन काठ्या घेऊन चालणं अवघड होतं आणि गाडीत सीटखाली ती कुठे बसत नाही. केदारकांठ्याला नको.

मूठ कशाची असावी? बुचाची (कॉर्कची) असेल तर घामाने घसरत नाही, पण महाग. फोम मऊ, स्वस्त, घाम पितो. कडक रबराची मूठ घामाने हात सोलते, आणि सोलापूरच्या हवेत सराव करणार असाल तर आठवड्यात फोड येतील. फोम घ्या. वहिनींच्या हाताला मूठ जाड पडत नाही ना, तेही बघा. बोटं पूर्ण वळून अंगठा वर आला पाहिजे. मुठीच्या खालीही थोडा फोम चढवलेला असेल तर अगदीच तीव्र छोट्या चढणीला लांबी न बदलता तिथे धरता येतं. ही सोय मला पुष्कळ आवडते.

पट्टा मात्र शिकूनच घ्या, कारण बहुतेक जण तो पिशवीच्या बंदासारखा वरून हात घालून मनगटात लटकवतात. हात पट्ट्यातून खालून वर न्यायचा. मग पट्टा आणि मूठ दोन्ही एकत्र धरत हात खाली आणायचा, म्हणजे पट्टा अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून मनगटाच्या मागे जातो. आता पट्टा इतका आवळा की बोटं सैल सोडली तरी मनगटाचा भार पट्ट्यावर राहील. चढणीला तुम्ही पट्ट्यावर जोर देता, मुठीवर नाही. मूठ आवळून चालणाऱ्याचे हात दुपारपर्यंत भरून येतात. हिमालयात हातमोजे घालून हेच करायचं, त्यामुळे पट्टा सैल करायला जागा आहे ना ते दुकानात जाड मोजा घालून बघा. दुकानात विचित्र दिसेल, दिसू द्या. आणि धोंड्यांच्या वाटेवर, ओढा ओलांडताना, तीव्र उताराला हात पट्ट्यातून बाहेर. पडताना पोल हातातून सुटला पाहिजे. पट्ट्यात अडकलेला पोल अंगठा मागे ओढतो आणि अंगठ्याच्या मुळाचा अस्थिबंध जातो.

चालायची पद्धत फार गहन नाही. डावा पाय पुढे तर उजवा पोल पुढे, जसे हात नेहमी हलतात तसेच. चढताना टोक पावलाच्या पुढे नाही, पावलाच्या रेषेत किंवा किंचित मागे टेकवून ढकलायचं. उतरताना उलट: आधी पोल खाली टेकवा, धरला का बघा, मग पाऊल. मोठी पायरी असेल तर दोन्ही पोल एकदम खाली, तळवा मुठीच्या डोक्यावर, मग पाय. कोपर ताठ ठेवू नका, झटका खांद्यात जातो. आणि हाताने धरून चढायची वेळ आली की पोल सॅकमध्ये. कळसूबाईच्या शिड्या, हरिहरच्या कोरीव पायऱ्या, राजगडाचा चोरदरवाजा, इथे मनगटाला लोंबकळणारे पोल घेऊन चढणारे बघितले की पोटात गोळा येतो. खालच्या माणसाच्या डोळ्याशी ते टोक असतं.

टोकाबद्दल. चांगल्या पोलचं टोक टंगस्टन कार्बाइडचं असतं, माती, मुरूम आणि कडक बर्फ यात ते पकडतं. गुळगुळीत कातळावर ते कधी कधी सरकतं आणि दगडावर पांढरे ओरखडे ओढतं. म्हणून गडाच्या जुन्या पायऱ्यांवर रबरी टोप्या घाला, दगडही वाचतो आणि कानाला त्रास होत नाही. चिखलात त्याच टोप्या निघून जातात, सोबत एक जादा जोडी ठेवा. डांबरी रस्त्यालाही टोप्याच. दर आषाढात कोणीतरी विचारतं, वारीला पोल न्यावेत का. गुडघा दुखत असेल तर जरूर न्या, पण टोप्या घालून, आणि दिंडीच्या गर्दीत पोल मागे झोकू नका. माळशिरस-वेळापूरकडच्या रस्त्यावर मागच्या माउलींच्या पायात पाऊलभरही अंतर नसतं.

केदारकांठ्याला डिसेंबरअखेर बर्फ असतो, त्यामुळे टोकाच्या वरची चकती, जिला बास्केट म्हणतात, ती मोठी, बर्फाची लावायची. उन्हाळी छोटी चकती भुसभुशीत बर्फात पोल कोपरापर्यंत बुडू देते. पोल घेतानाच मोठ्या चकत्या खोक्यात आहेत का आणि त्या पिळून बसतात का बघा; काही पोलला त्या बसतच नाहीत. टोक थोडं रुततंच, म्हणून बर्फात लांबी चार-पाच सेंटीमीटर वाढवून ठेवायची. शिखराचा दिवस अंधारातच सुरू होतो, बर्फ तेव्हा काचेसारखा कडक असतो. तिथे बुटांना खिळ्यांच्या साखळ्या हव्यातच. पोल त्यांच्या जागी चालत नाही. हे सांगतो कारण दोन पोल हातात आले की माणसाला उगाच धीर येतो.

स्प्रिंगवाला, धक्के शोषणारा पोल घ्यावा का, असं पुढे विचारालच. मला नको वाटतो. चढणीला ढकलायला गेलं की थोडा जोर स्प्रिंगमध्येच जातो, वजन वाढतं, बिघडायला एक भाग जास्त. तीन-चारशे रुपयांच्या ऑनलाइन पोलवर हा शब्द ठळक छापलेला असतो आणि लॉक मात्र पिळायचा असतो, यातच सगळं आलं. मनगटाला किंवा कोपराला जुनं दुखणं असेल तर मात्र स्प्रिंग सुखाची वाटते. तेवढ्यासाठी घ्या, आणि स्प्रिंग बंद करता येईल असा घ्या.

सोलापूरकराची खरी अडचण वेगळीच आहे. पुणेकर रविवारी सकाळी सिंहगड करून जेवायला घरी येतो. आपल्याला गड म्हणजे आधी अडीचशे किलोमीटर प्रवास. घाट नाही, उतार नाही, त्यामुळे मांडीच्या पुढच्या स्नायूला उतरायची सवयच नसते, आणि हिमालयात गुडघा नेमका तिथे बोलतो. संभाजी तलावाभोवती पोल घेऊन फिरलात तर हाताची लय बसेल, पण उताराचं काम होणार नाही. त्यासाठी अपार्टमेंटचा जिना. पाठीवर सहा-सात किलोची सॅक, पोलला रबरी टोप्या, आणि पहाटे, शेजारी उठायच्या आत. लिफ्टने वर जा आणि जिन्याने उतरा. उतरण्याचाच सराव करायचाय. वहिनींनी पण करायचा. एखाद्या रविवारी नळदुर्गला जा, तासाभराचा रस्ता आहे. तिथले बुरूज आणि दगडी पायऱ्या टोप्या घालून चढा-उतरा. मग एखाद्या दिवशी येडशीजवळ रामलिंगच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरात, परवानगी असेल तेवढ्या पायवाटेने. तिथे मुरूम आहे, उतार आहे, आणि लांबी कमी-जास्त करायची सवय तिथेच लागेल. सुरुवातीला थांबून खटके उघडायचा कंटाळा येतो. चार वेळा केलं की चालता चालता हात जातो.

प्रवासाचं बघा. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने थेट दिल्ली, पुढे देहरादून आणि तिथून गाडीने सांक्री, म्हणजे ट्रेक सुरू होतो ते गाव, असा विचार असेल तर पोल पूर्ण मिटवून, टोकाला टोप्या घालून, सॅकच्या आत किंवा बाजूच्या पट्ट्यांत घट्ट बांधा. नुसते खोचले तर बर्थखालून ओढताना दुसऱ्याच्या सामानात अडकतात. पुण्याहून विमानाने गेलात तर ते चेक-इन सामानातच टाका. सुरक्षा तपासणीत हातातल्या बॅगेतून ते काढून घेतात आणि मग वाद घालत बसायला वेळ नसतो.

सांक्रीत पोल भाड्यानेही मिळतात. ट्रेक हा एकदाच करायचा असेल तर तेही वाईट नाही, पण वहिनींनी त्या भरवशावर जाऊ नये. आखूड मापाचे तिथे मिळतीलच असं नाही, आणि लॉक तपासायला बाकीचा ग्रुप थांबत नाही. साहेबांनी भाड्याने घेतले तर दुकानात सांगितलेली तीच भार टाकायची परीक्षा, आदल्या संध्याकाळीच.

परत आल्यावर पोल तसेच कपाटावर टाकू नका. सरकणाऱ्या पोलचे तिन्ही भाग पूर्ण वेगळे करा, ओल्या फडक्याने पुसा, आणि रात्रभर पंख्याखाली वाळू द्या. आत राहिलेल्या ओलाव्याने ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि पुढच्या वर्षी नळ्या सुटत नाहीत. तेल, ग्रीस काहीही लावायचं नाही. लॉक घर्षणावरच धरतो, तेल लावलं की तो धरणारच नाही.  खटके उघडेच ठेवून द्या, म्हणजे प्लास्टिकवर ताण राहत नाही. टोक बोथट, गोल झालं असेल तर अख्खा पोल बदलू नका, बऱ्याच कंपन्यांची टोकं सुटी मिळतात. जुनं टोक गरम पाण्यात दोन मिनिटं धरलं की सैल होऊन पकडीने निघतं, नवं दाबून बसवायचं.